‘ळ’चा खण

बकाराम दोनाडकरच्या तोंडात ळ नव्हता.
डोळा त्याचा डोरा, काळा त्याचा कारा,
तळ्याला तो तरा म्हणायचा,
वडशातल्या निम्म्या गावासारखा.
पण हात मात्र केसकडे न बघता
डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या खणात जायचा
आणि ळ घेऊनच वर यायचा.
‘माज्या बोटाले येते, मालक,
जिभेले नाई येत.’

भाऊबीज सरली की नाटकांचा हंगाम.
गावोगावचे पोरगे सायकलवर यायचे,
खिशात घामाने भिजलेला मजकूर.
‘खळबळजनक तीन अंकी’,
इथेच दोन ळ गेले.
मग मंडळ, स्थळ, वेळ,
आणि तळाशी बारीक: गोंधळ करू नये.
पाच गावांची पत्रकं एका रात्रीत जुळवायची
तर तिसऱ्या गावालाच खण रिकामा.
नागपूरहून खिळ्यांचं पार्सल
एसटीने यायला आठवडा.
तेव्हा बकाराम स्थळाचं ठिकाण करायचा,
वेळ खोडून ‘रात्री ठीक दहा वाजता’,
गोंधळाचा दंगा.
मंडळाला हात लावायचा नाही.
‘मंडराले मंडरच पायजे,’ म्हणायचा,
आणि आधीचा फर्मा छापून सुटेपर्यंत
रॉकेलचे बोळे जवळ म्हणून
विडी न पेटवता, नुसती ओठात धरून बसायचा.

मी शाळेच्या आधी तिथेच वाचायला शिकले,
डोकं खाली, पाय वर अशी अक्षरं.
बाईंनी पाटी दिली
तेव्हा मी ती फिरवून धरली.

मे महिन्यात सरस-गुळाचा रूळ पाघळायचा,
मुंगळे लागायचे.
हिरामन त्याला ओल्या पोत्यात गुंडाळून
तापातल्या लेकरासारखा माठाशेजारी ठेवायचा.

मग ब्रह्मपुरीला ऑफसेट आलं. मग फ्लेक्स.
बाबा गेले त्या वर्षी शिसं विकलं.
मीच विकलं.
एकशे चाळीस किलो,
‘अ’चा आणि ‘ज्ञ’चा भाव एकच.
बकारामला बोलावणं धाडलं, तो आला नाही.
उलट निरोप आला:
खण झाडून घ्या, कोपऱ्यात खिळे राह्यते.

एक रिकामी केस ठेवली आहे.
आठवून आठवून खणांवर चिठ्ठ्या लावते.
एकोणीस खण आठवेचनात,
वेलांट्या कुठे होत्या, रफार कुठे.
विचारायला गेले तर त्याचं अर्धं अंग गेलेलं,
बोलणं तर केव्हाच.
त्याने डोळे मिटले,
चालता हात हवेत उचलला
आणि खाटेवर पडल्या पडल्या
एक ओळ जुळवली.
बोटं जिथे जिथे थांबली
तिथे मी वहीत फुल्या मारत गेले.
सात खण मिळाले.
कुठली ओळ होती, ते नाही कळलं.

शिसं घेतलं होतं कवडू दुमानेने, जाळ्यासाठी.
बारीक टाइप वितळवून त्याने मणी ओतले,
मोठे खिळे तसेच भोकं पाडून ओवले.
‘वितरवाले लाकडं लागतात, बाई.’
परवा बोडीच्या पाळीवर
त्याने जाळं झटकलं तेव्हा दिसला,
अंगठ्याएवढा, एक कड उडालेला,
मंडळांच्या मथळ्यातला.
क्षणभर पाण्यावर लोंबला.
इथे उलटा होता,
पाण्यात सुलटा दिसला,
आणि तळाला गेला.

‘काय लिवलं हाय त्याच्यावर?’
‘ळ.’
‘हो, र,’ कवडू म्हणाला
आणि दोरी ओढू लागला.